डेलिया हेहिर तपासणीतून परत फिरली

आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याच्या पश्चिम टोकाला डेलिया हेहिर वीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. निवृत्तीनंतर ती नवऱ्याच्या मारझोडीतून पळालेल्या बायकांना आधारगृहात पोहोचवू लागली. कुणाला कुठे लपवलंय ते सगळं तिच्या फोनमध्ये. तो फोन ती सख्ख्या भावाच्याही हाती देत नसे.

बॉस्टनला थोरल्या बहिणीचं, ऊनाचं, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डेलिया निघाली. अमेरिकेची तपासणी आयर्लंडच्याच विमानतळावर उरकते, विमानात चढण्याआधी. काचेमागचा अमेरिकी अधिकारी तरुण होता.

"सहा आठवडे? कशासाठी?"

"बहिणीची उठबस करायला."

"पगारी काम?"

"ऊनाकडे? ती चहात साखरसुद्धा मोजून घालते!"

तो हसला नाही. तिला आतल्या खोलीत बसवून म्हणाला, "फोन उघडून द्या. निरोप बघायचेत."

"नाही देणार. त्यात दुसऱ्यांचे जीव अडकलेत."

"मग प्रवेश मिळणं कठीण आहे."

डेलियाने फोन कोटाच्या खिशात कोंबला. "मी अजून आयर्लंडमध्येच आहे ना? मग मला तुमच्याकडे यायचंच नाही. प्रवेशाचा अर्ज मागे घेते. पासपोर्ट द्या."

"याची नोंद राहील, बाई."

"खुशाल करा. हेहिरमध्ये दोन 'एच' आहेत, तेवढे नीट लिहा."

परत जाण्याचं कारण लिहून घेऊन त्याने पासपोर्ट पुढे सरकवला. "सरका जरा" म्हणत ती रांगेतून उलटी निघाली. सगळे टकमक बघत होते, पण तिने मान खाली घातली नाही. गाडीत बसल्यावर मात्र पोटभर रडली.

ऊनाने फोनवर आग पाखडली. "मी इथे लंगडतेय, आणि तू तिकडे हुतात्मा हो!" पुढचे तीन आठवडे तिने फोन उचलला नाही.

एरवी आयरिश माणसाला व्हिसा लागत नसे, पण आता ती नोंद होती; म्हणून डेलियाने अमेरिकी वकिलातीतून रीतसर व्हिसा काढला. नोव्हेंबरात फोन आधारगृहाच्या कपाटात कुलूपबंद करून ती पुन्हा त्याच दालनात उभी राहिली. या खेपेला अधिकारी बाई होती. पडद्यावरची नोंद वाचून तिने विचारलं, "गेल्या वेळी निघून का गेलात?"

"जाता येत होतं म्हणून."

तासभर बसवून ठेवलं. डेलिया ताठ बसून राहिली. विमान सुटायला वीस मिनिटं उरली, तेव्हा कुठे तिला पुढे सोडलं.

बॉस्टनला ऊना काठी टेकत दारात आली. "आलीस एकदाची, हट्टी म्हातारे!"

"तुझीच बहीण," म्हणत डेलियाने तिला बाजूला सारलं आणि ती आत शिरली.