खानावळीतल्या माश्या आणि आक्कांची चरवी

मदत केली ती आबांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण माश्यांचं एकदा सुरू झालं की माणसं बाजूलाच राहतात.

आबा म्हणजे बारामती एमआयडीसीच्या वळणावरचे पंक्चरवाले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या वाट्याला हवा भरायचं मशीन आलं. "मेंढरं हाकावी लागायची," ते म्हणत, "गिऱ्हाईक बिचारं सोताच गाडी ढकलत येतंय."

आम्ही भंडाऱ्याकडचे. यजमानांना इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून एवढ्या लांब आलो. मी सातवीतच शाळा सोडलेली, येत होता तो स्वयंपाक. म्हणून घरापुढे पत्र्याची शेड टाकून खानावळ काढली. दूध कारखान्यातली पोरं दुपारी मोटारसायकली लावून जेवायला यायची. मला वहिनी म्हणायची आणि माझ्या भाकरीला नकाशासारखे कोपरे असले तरी निमूट खायची. त्या उपकाराखाली मी एवढी दबलेली असायची, की कुणी दुसऱ्यांदा आमटी मागितली तर मीच त्याला थँक्यू म्हणायची.

मग एका उन्हाळ्यात माश्या आल्या. पाहुण्यासारख्या नव्हेत, बिऱ्हाड घेऊन आल्या. ताटावर, तांब्यावर, माझ्या कपाळावरच्या कुंकवावर. इंदापूरहून येणारा एक जण म्हणाला, "वहिनी, काल तुमची एक माशी माझ्या गाडीवर डबलसीट बसून घरापर्यंत आली. बायकोनं विचारलं, ही कोण?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "भिगवणच्या मासळी बाजारात बी एवढ्या न्हाईत. तिथल्या हिकडं बदलून आल्यात." सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन डोळे पुसले.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. कुणी म्हणालं, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून दारात टांगा. टांगल्या. माश्या त्यांच्यावर बसून विसावा घेऊ लागल्या. कुणी म्हणालं, कडुलिंबाचा धूर करा. केला. माश्या राहिल्या, गिऱ्हाईक खोकत बाहेर गेलं. फरशी फिनेलनं इतकी पुसली की आमटीला वास लागला. चिकट गुळाचा कागद टांगला, त्याला पहिले सापडले ते आमचे यजमान, बाहीसकट.

शेवटी पोरांच्या सुपरवायझरनं हात धुता धुता सांगितलं, "वहिनी, राग मानू नका. आमचं काम दुधाजवळचं. ह्या महिन्यात माश्या हटल्या तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आम्ही समोरच्या मेसला जाणार."

ते बोलले मऊ, पण अर्थ सरळ होता. ही पोरं गेली की खानावळ मिटली. यजमानांच्या एकट्याच्या पगारात इथं भागत नव्हतं. परत गावी जायचं, तर तिथं आमची वाट बघत बसलेलं कुणीच नव्हतं.

संध्याकाळी आबा हातातला काळा फडका झटकत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याच्या पिशव्यांकडे बघितलं. "ह्या कुणाच्या लग्नाच्या?" म्हणाले. मग थेट शेडच्या मागे गेले. तिथं मी एक खड्डा केला होता. भाजीची देठं, भाताची पेज, उरलंसुरलं त्यात टाकत होते.

"वहिनी, ह्यो माश्यांचा दवाखाना हाय. हितंच बाळंत होत्यात. आधी तर आक्का न्यायची न्हाय का हे सगळं म्हशीला?"

न्यायच्या. रस्त्यापलीकडच्या वस्तीवरच्या आक्का रोज बादली घेऊन यायच्या आणि सगळं नेऊन म्हशीपुढे ठेवायच्या. पण महिना होत आला, त्या आल्याच नव्हत्या. मला वाटलं, नको असेल. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून खड्डा खणला.

"भांडला का तुमी?"

"छे हो आबा! उलट म्हैस व्याली तेव्हा त्यांनी पितळी चरवीत चीक पाठवला होता. इतकं बरं वाटलं मला. चरवी परत देताना राखेनं घासली, चिंचेनं घासली, आरशासारखी लख्ख केली."

"आन् आत काय घातलंत?"

"आत? काही नाही. कोरडी करून दिली."

आबा तिथल्याच दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अवो वहिनी! आमच्यात दुधाचं भांडं धुवून देत न्हाईत, आन् रिकामं तर कुणी वैऱ्याला बी देत न्हाय. तुमी घासूनपुसून, कोरडं ठाक करून दिलं! त्याच आठवड्यात आक्काची म्हस आखडली, दूध निम्म्यावर आलं की वो. आक्का म्हणत आसंल, ह्या बाईनं माझी म्हस घासून दिली."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे बैल होते, दुभतं नव्हतं. कुणाचं भांडं परत करायचं तर चकचकीत करून, एवढंच आईनं शिकवलं होतं. मी लगेच माफी मागायला निघाले.

"थांबा," आबा म्हणाले. "नुसतं त्वांड घिऊन गेलात तर पुन्यांदा रिकामंच गेल्यावानी हुईल."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आक्कांकडे गेले. दुकानावर पाहुणे आलेत, चहाला दूध द्या, पितळी चरवीतच द्या, म्हणाले. पाहुणे कुणी नव्हते. दुधाचा चहा त्यांनी पंक्चरवाल्या गिऱ्हाइकांना पाजला आणि चरवी माझ्या हातात दिली. "आता हिला पाणी लागलं तर बघा."

आत दुधाचे ओघळ तसेच होते. मी तिच्यात गावाहून आणलेला तांदूळ काठोकाठ भरला आणि आबांच्या मागोमाग वस्तीवर गेले. आक्का गोठ्यात होत्या. चरवीत बघितलं, मग माझ्याकडे, मग आबांकडे.

"व्हय वो आबा, ह्येच तुमचं पाव्हणं?"

"लांबचं हाईत," आबा म्हणाले. "लई लांबचं."

आक्कांनी तांदूळ नाकाशी नेला. "वास ब्येस हाय." मग बोटानं आत कोरलं. "आन् ह्ये समदं दुधाला चिकटलंय की गं! आता मला घासाय पायजे."

"मी घासून देऊ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

क्षणभर म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असं मला वाटलं. मग आक्का इतक्या हसल्या की त्यांना खांबाला धरावं लागलं. "नगं माय! तू फकस्त खरकटं ठेव."

त्याच संध्याकाळी त्यांची बादली आली. यजमानांनी आणि आबांनी खड्ड्यात चुना टाकून तो मातीनं बुजवला. माश्या एकदम गेल्या नाहीत. आठवडाभर रोज थोड्या थोड्या कमी झाल्या, सुट्टी संपलेल्या पाहुण्यांसारख्या. महिनाअखेरीला सुपरवायझर जेवायला बसले. घास घेता घेता त्यांचा डावा हात सवयीनं ताटावर फिरत होता, वर माशी एकही नव्हती. इंदापूरचा म्हणाला, "साहेब, कुणाला टाटा करताय?" साहेबांनी हात खाली घेतला आणि आमटी मागितली. पुढच्या महिन्यातही सगळे माझ्याकडेच आले.

आबांना मी किती वेळा म्हटलं, जेवायला या. ते येत नाहीत. म्हणतात, घरची भाकरी गोल असते. मी आभार मानू लागले की मशीन सुरू करून हवा भरायला लागतात, म्हणजे काही ऐकू जायला नको.

त्यांना एक नात आहे. हुशार आहे, शिकेल तेवढं शिको. पण जेव्हा केव्हा तिचं लग्न ठरेल, तेव्हा मांडवातल्या चुली मी पेटवणार. आचारी लावायचा नाही, मी हे आबांना सांगून ठेवलं आहे. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत मी वाढणार, आणि त्या दिवशी आबांना माझ्या हातचं खावंच लागणार.