प्रमोदिनीवहिनींचे गुरुवार

आमच्या पुंडलिकनगरात कुणाकडं पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच नसतो. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी दौलताबाद करून वेरूळ, येताना भद्रा मारुतीचं दर्शन. झालं. इथं जन्म काढलेली माणसंही हे सगळं बघतात ती पाहुण्यांच्या निमित्तानंच. पाहुणे नसले की आम्ही भाजीला जातो, दवाखान्यात जातो, नाहीतर लग्नाला जातो.

माझ्या वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीवहिनींनी या फेऱ्या जितक्या केल्या तितक्या एखाद्या गाईडनंही केल्या नसतील. त्यांचे मिस्टर अनंतराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांना माणसांचं लई वेड. कुणाच्या साडूचा मेव्हणा जरी आला तरी हे गाडी सांगून मोकळे, आणि वहिनी पहाटे उठून पुऱ्या लाटायला बसणार. कैलास लेण्यात दुपारची सावली कुठल्या कोपऱ्यात येते, डबा कुठं उघडला म्हणजे माकडं येत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ. लेणं मात्र बाईंनी धड पाहिलेलं नव्हतं. पाहुण्यांची पोरं सांभाळण्यातच दिवस सरायचा.

अनंतराव गेले आणि पाहुणे यायचे थांबले. वहिनींना ना भाऊ ना बहीण. एकुलता एक मुलगा हिमांशू बंगळुरूला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याचं लग्न झालं, वर्षभरात मोडलं, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे. वहिनी आपल्या दिवसभर टीव्हीसमोर. टीव्हीचा कंटाळा आला की खाली माझ्याकडं.

मी तनुजा, तळमजल्यावर ब्लाउज शिवते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा तेज आहे असं माझी गिऱ्हाइकंच म्हणतात, आणि तरी येतात. एका दुपारी वहिनी माझ्यासमोर बसून पुन्हा तेच म्हणाल्या, "तनुजा, आता काय उरलंय गं?" मला आला राग. कुणी असं हातपाय गाळून बसलं की मला दया यायच्या आधी रागच येतो, त्याला मी काय करू? मी म्हटलं, "वहिनी, पाहुणे येत नाहीत ना? मग तुम्हीच व्हा पाहुण्या. बसा एखाद्या बसमध्ये आणि या फिरून. पण मला उसासे ऐकवू नका, माझी शिलाई वाकडी जाते."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ही बाई खरंच गेली.

गुरुवार होता, म्हणून छावणीच्या बाजारात गेल्या. तिथं शेळ्यांच्या घोळक्यात तासभर उभ्या राहून आल्या. साडीला लेंड्यांचा वास, आणि चेहरा असा खुललेला की मी मशीन थांबवून बघत राहिले. पुढच्या गुरुवारी नहरीचे बंबे शोधायला गेल्या. मलिक अंबरानं जमिनीखालून शहरात पाणी आणलं, त्या नहरीचे ते उंच बांधीव खांब. आम्ही रिक्षातून त्यांच्या शेजारून जातो आणि मानसुद्धा वळवत नाही. एकदा तर वाळूजला जाऊन चहाच्या टपरीवर बसल्या, कशाला, तर नुसती कंपन्यांची शिफ्ट सुटताना बघायला. आल्यावर म्हणाल्या, "इतकी पोरं एकदम घरी जायला निघतात ना तनुजा, की आपल्यालाही घरी जावंसं वाटतं." त्यांची अट एकच होती. पाहुण्यांना जे दाखवलं ते बघायचं नाही.

हिमांशूला हे कळलं आणि घोळ झाला. त्याचा मलाच फोन. "काकू, आई वाळूजला काय करत होती? तिचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त आहे," मी म्हटलं.

"नाही काकू. तिथं तिचं कुणी नाही, म्हणून ती अशी भटकते. मी संक्रांतीला येतोय. फ्लॅट विकायचं बघतो आणि तिला इकडंच घेऊन येतो."

बाईंना भटकायला मीच लावलं आणि त्याच भटकण्यानं आता त्यांचं घर जाणार. मी वर जाऊन वहिनींना म्हटलं, "स्पष्ट नाही म्हणून सांगा त्याला." तर त्या म्हणाल्या, "काय सांगू? इथं माझं कोण आहे म्हणून सांगू?"

"मी काय मेले?"

"तू शेजारीण आहेस गं. शेजारणीसाठी कुणी मुलाला नाही म्हणतं का?"

खरं सांगते, मला लागलं ते. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. त्या काळात मला गप्प बसलेलं बघून गिऱ्हाइकं तब्येत विचारत होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. संक्रांतीपर्यंत जेवढे गुरुवार आहेत तेवढे तरी फिरून घेऊ म्हणून वहिनी जालना रोडला उभ्या राहिल्या आणि करमाडला जाऊन उतरल्या. आता शेंद्र्याला कंपन्या आल्या, करमाडला दुकानं वाढली, पण गाव ते गाव. अनोळखी बाई एकटी उतरली की पारावरची माणसं विचारणारच. अप्पाराव नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाकडं आलात, बाई?"

उगीच फिरायला आले, असं वहिनींच्या ओठावर आलं होतं. पण गावात उगीच कुणी येत नसतं, येतं ते कुणाकडं तरी येतं. बाई घाबरल्या आणि तोंडाला आलं ते नाव सांगून बसल्या. "सरूबाईंकडं."

"कोन्ती सरूबाई? कारभाऱ्याची का?"

"हो."

मग काय विचारता. अप्पाराव काठी घेऊन पुढं, मागं वहिनी, त्यांच्या मागं रिकामी असलेली निम्मी गल्ली. "धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं," वहिनी मला सांगत होत्या. कारभाऱ्याच्या दारात जाऊन अप्पारावांनी हाक मारली, "सरू, तुझी पाव्हणी आली बघ."

पिठाचे हात तसेच घेऊन सरूबाई बाहेर आली. तिनं वहिनींकडं पाहिलं, मागच्या गर्दीकडं पाहिलं. मग म्हणाली, "आली का आक्का? किती वाट बघायची मानसानं." आणि वहिनींच्या हातातली पिशवी काढून घेऊन त्यांना आत घेऊन गेली.

लोक पांगले. सरूबाईनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि मग हळूच विचारलं, "आता सांगा बाई, तुम्ही कोण?"

वहिनींनी सगळं खरं सांगितलं, अगदी शेळ्यांपासून. सरूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. वहिनींनी विचारलं, "मला खोटं का नाही पाडलंत?"

"दारात आलेल्या बाईला चार मानसांत खोटं पाडायचं व्हय? आन् तुमचं तोंड तर एवढुसं झालतं," सरूबाई म्हणाली. "बसा, भाकर टाकते."

गावाला तिनं सांगून टाकलं, माझी आतेबहीण हाय, शहरात असती. आणि एकदा सांगितलं म्हणजे निभवायला नको का? वहिनी पुढच्या गुरुवारी गेल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी सरूबाई इकडं आली. ती आजवर शहरात आली ती दवाखान्यात नाहीतर कोर्टात, दुसरं शहर तिला मालूम नव्हतं. वहिनींनी विचारलं, काय बघायचंय? तर म्हणाली, "ते इमान रोज आमच्या रानावरून जातं. ते कुठं बसतं ते बघायचंय." मग या दोघी विमानतळाच्या मागच्या अंगाला, भिंतीपासून लांब एका लिंबाखाली, भाजलेल्या शेंगा खात बसल्या. विमान डोक्यावरून खाली आलं तेव्हा सरूबाईनं वहिनींचा हात इतका दाबला म्हणे की बांगडी पिचली. आल्यावर दोघी माझ्याकडं चहा प्यायल्या आणि मला एक शब्द बोलू दिला नाही. मी पहिल्यांदाच खुशीनं ऐकून घेतलं.

संक्रांतीला हिमांशू आला. पोरगं वाळलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "आई, गिऱ्हाईक बघितलंय, या खेपेला ठरवूनच टाकू." वहिनी म्हणाल्या, "आधी उद्या करमाडला चल, हुरड्याला बोलावलंय." तो म्हणाला, हुरडाच खायचा तर झोपाळे वगैरे असलेल्या चांगल्या जागा आहेत की. मी म्हटलं, "झोपाळ्यावर बसायचं वय गेलं तुझं, गाडी काढ." आणि मीही बसले गाडीत. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यानं मला कधी फरक पडला नाही.

पारापाशी गाडी हळू केली तर अप्पाराव खिडकीत वाकून म्हणाले, "मावशीकडं आलास का, बाबा?" हिमांशूनं आईकडं पाहिलं. "मला मावशी कधी झाली?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.

रानात सरूबाईच्या नवऱ्यानं, कारभाऱ्यानं, गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. तो कणसं निखाऱ्यात खुपसायचा, काढून तळहातावर चोळायचा, आणि ते हिरवे गरम दाणे ताटात पडायचे. सोबत लसणाची चटणी आणि दही. हिमांशू आधी घड्याळ बघत होता, मग खायला लागला. सरूबाई त्याच्या शेजारी बसली. ती गोड बोलून काही काढून घेईल असं मला वाटलं होतं. तिनं सरळच विचारलं.

"आईला नेतू म्हनं."

"हो मावशी. इथं ती एकटी आहे."

"न्ये की. आई तुझी हाय, आम्ही कोण नको म्हननार. पर तू दिसभर कामाला. हिच्याकडं बसायला कोण येईल?"

हिमांशू सांगायला लागला. सोसायटी मोठी आहे, बाग आहे, लिफ्ट आहे, खाली ज्येष्ठांसाठी हॉल आहे.

"ते असंल रे. मानसाचं सांग. शेजारणीचं नाव काय?"

"समोर नऊशे चारवाले आहेत. चांगले आहेत."

"नाव काय त्यांचं?"

हिमांशूनं तोंड उघडलं आणि त्याला नाव आलं नाही. सहा वर्षं झाली त्याला त्या घरात. त्यानं आठवून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं म्हणूनही पाहिलं असेल. आम्ही कुणी हसलो नाही. सरूबाईनं त्याच्या ताटात आणखी हुरडा घातला, आणि तेवढ्यात त्याचे डोळे भरून आले.

"आई," तो म्हणाला, "तू एकटी म्हणून नाही गं. मलाच तिथं कुणी नाही."

वहिनींनी ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं आता या रडणार. पण त्या त्याच्यावर चिडल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मग हे आधी नाही का सांगायचं? माझं डोकं फिरलं, माझं कुणी नाही, असलं कायकाय सांगत बसलास. मला वाटलं तुला माझं ओझं झालंय." आणि मग त्याचं डोकं त्यांनी छातीशी धरलं. बाजूला मीच रडत होते, आणि कारभारी बिचारा कणसं भाजतच राहिला.

त्या रात्री त्यांनीच ठरवलं. फ्लॅट विकायचा नाही, चावी माझ्याकडं. पाडव्यापर्यंत बंगळुरूला राहायचं आणि मग घरी यायचं. सरूबाईला फोन केला तर ती म्हणाली, "जा, आक्का. पोराला मानूस पायजे." आणि मला फोनवर बोलावून म्हणाली, "तू ये गं गुरुवारी, हात रिकामे असले तर." माझे हात कधीच रिकामे नसतात. तरी मी जाते.

परवा वहिनींचा फोन आला, मागं बरीच माणसं बोलत होती. बाईंनी तिथं जाऊन काय केलं, तर तिळाच्या वड्या घेऊन सरळ समोरचं दार वाजवलं. नऊशे चारमधल्या त्या गिरिजम्मा. त्यांना मराठी येत नाही, वहिनींना कन्नड येत नाही, मग दोघींच्या मध्ये बसून हिमांशू इकडचं तिकडं सांगत होता. मग त्यानंच फोन घेतला. म्हणाला, "काकू, नंतर बोलतो. जेवायला बसवलंय आम्हाला."