सरळ बोटं

बारामतीत मी पाटी लावली तेव्हा तिच्यावर ‘व्यवसायोपचार तज्ज्ञ’ असं लिहिलं होतं. सुरुवातीला जे कोणी आत डोकावले ते कुक्कुटपालन शिकवता का, असं विचारायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुंबईत शिकून मी मोठ्या तोऱ्यात गावी परतले होते आणि माझं काम काय, हे सख्ख्या मावशीलाही समजावता येत नव्हतं. आजारानं किंवा अपघातानं माणसाच्या हातून जे काम सुटलं, ते त्याला पुन्हा करता यावं म्हणून धडपडायचं, असं मी सांगायचे. “म्हणजे मालीश,” मावशी म्हणायची. त्या शब्दाचा मला अजून राग येतो, आणि त्याला कारण कळंबची ती मुलगी.

ती इंदापूरला डी.एड. करत होती. घरातली पहिली शिक्षिका होणार म्हणून वडलांनी निकालाआधीच भावकीत पेढे वाटले होते. उन्हाळ्याच्या तोंडाला कडब्याची गंजी रचताना ती वरून पडली आणि मानेचा मणका मोडला. पाय गेले, बोटांतली ताकद गेली. खांदे राहिले, कोपर वाकवता येत होतं आणि मनगट वर उचलता येत होतं. आमची सगळी मदार त्या मनगटावर होती.

आपला हात सैल सोडून मनगट मागं वाकवून बघा, बोटं आपोआप थोडी मिटतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. ज्याच्या बोटांत जीव नाही, त्याला ही एवढीच पकड उरते. पण त्यासाठी बोटं आतून जराशी आखडलेली हवीत. ती ओढून ताणून सरळ केली की पकड गेली. म्हणून मी पहिल्याच दिवशी तिच्या आईला बजावलं, बोटं वाकडीच राहू द्या.

आई माझ्याकडं बघतच राहिली. “लेकीची बोटं वाकडी ठिवा म्हणताय? तुमी डाक्टर हाय का कोण हाय?”

वडील कारखान्यात फिटर होते, त्यांना मात्र लगेच कळलं. “अगं, पान्यागत हाय ते,” ते म्हणाले. “जबडा ढिला पडला तर नट धरंल का?” मला असा शिष्य मुंबईतही मिळाला नसता.

दर रविवारी मी वालचंदनगरची एस.टी. पकडून कळंबला जायची. मधल्या एका दिवशी इंदापूरला तिच्या विद्यालयाच्या प्राचार्यांना भेटले. अपंगांसाठी दिल्लीत नवा कायदा झालाय, हे मी त्यांना जरा आवाज चढवूनच सांगितलं. “कायदा मलाही ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण फळ्यावर कोण लिहिणार, कायदा?” पट्ट्यानं खडू हाताला बांधता येईल, म्हटलं. ते नाही म्हणाले, पोरं हसतील म्हणाले. मी पुन्हा गेले, पुन्हा भांडले, त्यांच्या शिपायालाही माझा वैताग आला. शेवटी कंटाळून ते म्हणाले, “तिनं स्वतः खडू धरून माझ्यासमोर एक ओळ लिहावी. तोवर मी तिची जागा धरून ठेवतो. पण पुढच्या जूनपर्यंतच.”

एक ओळ! मी बसस्टँडवर दोन कप चहा प्यायले आणि बसमध्ये जागा नसताना उभ्यानं हसत परत आले.

वडलांनी घरातल्या भिंतीला खालून काळा रंग दिला, तिच्या खुर्चीच्या उंचीला. ती मनगट उचलायची, बोटं मिटायची, खडू त्यात अडकायचा आणि पडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. ती रडायची, मी ओरडायची. थंडी संपता संपता एका रविवारी मी दारात पाऊल टाकलं, तर भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘वार : रविवार’. शाळेत गुरुजी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात, तसं. रेघ थरथरलेली, पण वेलांटी जागच्या जागी. मी तिला मिठी मारली आणि दोघींचे केस खडूनं पांढरे झाले. रेघ जरा स्थिर झाली की जूनच्या आत तिला प्राचार्यांपुढं न्यायचं ठरलं.

मग उन्हाळ्यात मला कावीळ झाली. महिना-दीड महिना अंथरुणाला खिळले. वडलांना निरोप धाडला, सराव सोडू नका.

आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे. सुट्टी लागली, लग्नसराईला पाव्हणे आले, आणि जो तो बिस्किटाचा पुडा घेऊन तिला भेटायला आला. येणारा प्रत्येक जण तिचा हात हातात घ्यायचा, च्‌ च्‌ करायचा आणि मायेनं तिची बोटं एकेक करून सरळ करायचा. “बोटं वाकडी ऱ्हातील की गं पोरीची,” म्हणायचा. आत्याबाई म्हणाल्या, आजी म्हणाल्या, मामा म्हणाले. वडील दोन-दोन पाळ्या करत होते, घरी फक्त झोपायला यायचे. आईला थोरामोठ्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मग तिलाच वाटलं असावं, एवढी माणसं चुकीची कशी असतील? दुपारी रानातून आली की ती तेल कोमट करून लेकीची बोटं चोळत बसू लागली.

मे संपताना मी गेले. आई हसत सामोरी आली, इतकं मोकळं हसताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. “बघा म्याडम, कशी सरळ झाली.”

मुलीचे हात मांडीवर होते. बोटं लांबसडक, सुंदर, पाव्हण्यांना दाखवावीत अशी. मी तिला मनगट उचलायला सांगितलं. तिनं उचललं. बोटं हलली नाहीत. मी त्यात खडू ठेवला, तो घरंगळून फरशीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. ती सैल पडलेली बोटं पुन्हा आखडायला किती महिने लागतील, आखडतील तरी का, मला सांगता येत नव्हतं. आणि जून दाराशी उभा होता. त्या घरात मोठमोठ्यानं किंचाळावं असं मला वाटलं.

आई चहा टाकायला आत गेली. मी दातओठ खात मुलीला विचारलं, “तू बोलली का नाहीस? तुला तर माहीत होतं!”

“पयल्यांदा बोलले,” ती हळू म्हणाली. “तर आई तेलाची वाटी घेऊन चुलीपाशी रडत बसली. मी पडल्यापास्नं तिला माझ्यासाठी काहीच करता येत नव्हतं, म्याडम. समदं तुमी करत होता. बोटं धरली की तिला झोप लागायला लागली.” मग तिनं मान आतल्या खोलीकडं केली. “तिला सांगू नका. ती जगायची न्हाय.”

मी फरशीवरचा खडू उचलून पिशवीत टाकला. प्राचार्यांशी पुन्हा भांडता आलं असतं आणि मी भांडलेही, पण ते पुढं, आणि उपयोग झाला नाही. 

आईनं चहा माझ्यापुढं ठेवला आणि लेकीशेजारी टेकली. तिनं ती लांबसडक बोटं आपल्या हातात घेतली आणि पदरानं खडूची भुकटी पुसली.

“समदी म्हणत्यात, माझ्या हाताला गुण हाय,” ती लाजून म्हणाली. “खरं न्हवं?”

मुलगी माझ्याकडं बघत होती.

“खरं आहे,” मी म्हणाले.

“मग आता दिवसातनं दोनदा करू का?”

“करा,” मी म्हणाले.