वेताळाच्या फडक्यातली यानं

दुकानात पार्सल आलं की मी आधी ते काउंटरखाली सरकवतो. जव्हारला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पार्सलं रोजचीच, कशात स्क्रीन, कशात बॅटऱ्या. त्यात एखादं यान आलं तर कुणाला पत्ता लागत नाही. यान म्हणजे अवकाशयान. खेळण्यातलं. हसा, हसा. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, पोरगी आठवीत आहे, आणि हा बाबा गिऱ्हाईक पाठमोरं झालं की ब्लेडनं खोका कापतो, यान बाहेर काढतो आणि चक्क त्याचा वास घेतो. नव्या प्लास्टिकचा वास! हे लिहितानाही माझे कान तापलेत.

या वेडाचं मूळ वसतिगृहात. आमच्या पाड्यावर तेव्हा वीज नव्हती आणि मी शिकायला जव्हारला होतो. वसतिगृहाच्या वाटेवर एका मुसलमान चाचांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि त्यांच्याकडे टीव्ही. रविवारी ते आम्हा पोरांना पायरीवर बसू द्यायचे. तेव्हा एक परदेशी मालिका लागायची. माणसं गोरी आणि बोलायची हिंदीत. या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर पोचवणारं एक यान आणि त्यातली पाचसहा माणसं, एवढीच गोष्ट. पण ते यान कायम बिघडलेलं! आज इंजिन बंद, उद्या दार उघडेना. आमच्या खोडाळ्याच्या एसटीसारखं. आणि ती माणसं काहीतरी खुडबुड करून, ठोकपीट करून ते पुन्हा चालू करायची. मला ते फार आवडायचं. पुढे मी दुरुस्तीच्या धंद्यात पडलो ते त्यामुळेच. कुणाला सांगत नाही, पण खरं आहे.

मोठेपणी एकदा मोबाईलवर दिसलं की त्या मालिकेची खेळणी मिळतात. मालवाहू यान, लुटारूंची यानं, ते जमिनीवर उतरायचं छोटं यान, सगळी. एक मागवलं. मग दुसरं. मग काय, सुटलोच मी.

बायकोला पहिलं यान सापडलं तेव्हा मी पटकन म्हणालो, "पोरीसाठी आणलंय." तोंडातून निघून गेलं. पोरगी खूश झाली. पण मी ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, तिचा हात पोचणार नाही असं. पुढची आली तीही तिथंच, "पोरीची" म्हणून. एकदा पोरीनं स्टुलावर चढून मालवाहू यान काढलं, शाळेच्या प्रदर्शनाला नेलं आणि परत आणलं ते एक पंख मोडून. मी इतका ओरडलो, इतका ओरडलो की शेजारीण दारात आली. पोरगी रडली नाही. म्हणाली, "बाबा, तू तर म्हणालास ते माझं आहे." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"उचला हे सगळं," ती म्हणाली. "या घरात एक लेकरू पुरे आहे."

उचलून नेणार कुठं? दुकानात मांडावीत तर गिऱ्हाइकं टिंगल करायला टपलेलीच. मग नेली आयकडे.

आमची आय पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर एकटी राहते. थोडा भात, थोडी नागली, चार कोंबड्या. जव्हारला चल म्हटलं की म्हणते, "तिथं मना करमत नाय." पण खरं कारण करमण्याचं नाही, घराच्या मानाचं आहे. आता हे नीट सांगायला हवं.

आमच्याकडे होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे बांधून माणसं सांबळाच्या तालावर नाचत येतात. त्या मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. ते घर ते सांभाळणार, रंगवणार, आणि त्याच घरचा माणूस ते घेऊन नाचणार. आमच्या घराकडे वेताळ. माझा बा वेताळ घेऊन निघायचा तेव्हा धिप्पाड गडीसुद्धा वाट सोडायचे. बा गेला, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात मुखवट्याला वाळवी लागली. आयनं तो गुंडाळून ठेवलेलं फडकं सोडलं तर आत नुसता भुसा. तेव्हापासून बोहाड्यात वेताळाची पाळी आली की मोकळा सांबळ वाजायचा आणि लोक पुढच्या सोंगाची वाट बघायचे.

आय मला दर खेपेला सांगायची, "पोरा, नवा वेताळ करून आण." मुखवटे करणारा कारागीर जव्हारला माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर बसतो. येताजाता दिसतो. मी आयला म्हणायचो, "बघू." नाही म्हटलं की ती गप्प बसायची, ते मला सोसायचं नाही, आणि हो म्हटलं असतं तर नाचावं लागलं असतं. मला चारचौघांत नाचायची लाज वाटते. काय माणूस आहे बघा, नाचायची लाज वाटते आणि प्लास्टिकचा वास घ्यायची नाही.

तर यानं मी पोत्यात भरून तिच्याकडे नेली. आय चुलीपाशी होती. मी म्हणालो, "आय, हे माळ्यावर ठेवायचंय. उघडायचं नाय, कुणाला दाखवायचं नाय." मला वाटलं विचारील, काय हाय? उत्तर जुळवून ठेवलं होतं, दुकानाचं सामान म्हणून. पण तिनं विचारलंच नाही. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग हात धुऊन आली, झाकणाची बांबूची टोपली काढली आणि पेटीतून एक लाल फडकं आणून दिलं.

"पोत्यात ठेवू नको," म्हणाली. "यात बांध."

मी यानं टोपलीत रचत होतो तेवढा वेळ ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला भरून आलं. मनात म्हटलं, अख्ख्या जगात ही एक बाई मला हसत नाही.

त्यानंतर नवीन यान आलं की मी पाड्यावर जायचो. आयला त्याचा आनंद व्हायचा. टोपली खाली घ्यायची झाली की ती आधी जागा सारवून ठेवायची आणि मी फडकं सोडलं की पाठ फिरवायची. एकदा माळ्याखाली अगरबत्तीची राख दिसली, नव्या भाताचे चार दाणे दिसले. मी म्हटलं, म्हातारी माणसं, कुठंही अगरबत्ती लावतात. दुसरं कुठलं यान मागवायचं याचा विचार डोक्यात असला की समोरचं दिसत नाही. मला तर मुळीच नाही.

या वर्षी शिमगा झाला आणि चुलत्यांचा फोन आला. चुलते म्हणजे बाचे थोरले भाऊ. बोहाड्याचं सगळं तेच बघतात. म्हणाले, खालच्या पाड्यातल्या एका घरानं वेताळ करून ठेवलाय. तुमच्या घरातून या वर्षी निघाला नाय, तर मान त्यांचा. रविवारी सोंगं बघायला आम्ही घरोघर येणार, तू पाहिजेस.

मी म्हटलं, येतो. मनात आलं, बरं झालं. एकदाचं काय ते सांगून टाकू, मान त्यांना देऊ, सुटलो. बायको आणि पोरगी पण आल्या. जीपमध्ये बसल्या बसल्या मी वाक्य जुळवत होतो, आयला वाईट वाटणार नाही असं.

पाड्यावर पोचलो तर दारात पाण्याचा सडा, अंगण नुकतं सारवलेलं. आयनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चुलते आले, त्यांच्यामागे सांबळवाला, खालच्या पाड्यातली चार माणसं आणि बघायला आलेल्या बाया. मी पुढे होऊन बोलायला तोंड उघडलं, तर चुलते म्हणाले, "थांब रं. आधी सोंग बघू."

"कुठलं सोंग?" मी म्हणालो.

तोवर आय आतून टोपली घेऊन आली होती. डोक्यावर पदर, हातांवर टोपली, आणि तोंडावर असा आनंद की बा असताना पाहिला असेल तेवढाच. टोपली तिनं पाटावर ठेवली. मला तेव्हा, तिथं, सगळं एकदम कळलं. नवं सोंग घरात आलं की ते झाकून ठेवायचं, आणणाऱ्याला काही विचारायचं नाही, बोहाड्याची माणसं उघडतील तोवर घरच्यांनीही बघायचं नाही, ही आमचीच रीत. लहानपणापासून मला ठाऊक असलेली. आणि मी काय म्हणालो होतो? उघडायचं नाय, कुणाला दाखवायचं नाय. माझं ते बोलणं ऐकून तिनं दुसरं काय समजावं?

"आय, थांब," मी म्हणालो. पण सांबळ वाजायला लागला होता. चुलत्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि गाठ सोडली.

वर लुटारूंची तीन यानं होती, काळी, टोकदार. त्यांच्याखाली मालवाहू यान, तुटलेल्या पंखाचं. सांबळ थांबला. मग मागून एक बाई फिस्सकन हसली आणि तिला कुणीतरी गप्प केलं.

आय मात्र अजून समजली नव्हती. ती पाटापाशी बसली. एकेक यान दोन्ही हातांनी उचलून बघू लागली, उलटंसुलटं करून, टोपलीच्या तळापर्यंत. तिला वाटत होतं हे मुखवट्याचे तुकडे आहेत, जोडायचे राहिलेत. शेवटी माझ्याकडे वर बघून तिनं विचारलं, "पोरा, तोंड कुठंय याचं?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं माणसं का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

चुलते शहाणे माणूस. त्यांनी माझ्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नातीची खेळणी दिसतात. टोपली चुकली वाटतं." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. पळायला वाट होती, चांगली रुंद वाट. नुसतं हो म्हणायचं होतं. मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, मी काय बोलतो याची वाट बघत.

"नाय," मी म्हणालो. "माझी हायत. आणि वेताळ मी केलेलाच नाय."

आता लोक हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. खालच्या पाड्यातली माणसं खाली मान घालून उभी राहिली, जणू चोरी त्यांनीच केली होती.

आय उठली. लुगड्याचा काठ झटकला. चुलत्यांना म्हणाली, "त्याची काय चूक नाय. सोंग हाय असं तो कधी बोललाच नाय. मीच विचारलं नाय, मीच वेताळ आलाय म्हणून सांगत सुटले." मग खालच्या पाड्यातल्या माणसांना म्हणाली, "वेताळ तुमच्याकडं बरा राहील. जपा." आणि चहा टाकायला आत गेली. अंगणात आम्हा सगळ्यांना तिनं चहा दिला, मलाही दिला, साखर मला लागते तेवढी घालून. अरे, शिव्या तरी घालायच्या होत्या तिनं! चारचौघांत माझी चूक तिनं आपल्या अंगावर घेतली आणि मी कप धरून उभा.

लोक गेल्यावर मी यानं पोत्यात भरली. आयनं रिकामं फडकं हातानं सारखं करून त्याची घडी घातली. मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं. कडेला तेलाचे डाग होते, जुने, टेंभ्याच्या तेलाचे. ते वेताळाचंच फडकं होतं, बाच्या हातचं. तिनं ते माळ्यावर ठेवलं. मी म्हणालो, "आय, पुढच्या वर्षी मी करून आणतो." ती म्हणाली, "आता कशाला?" रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं, आता कशाला ते.

परतताना पोरीनं पोतं स्वतःच्या मांडीवर घेतलं, खड्ड्यात आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेही मला सोसवेना.

बोहाड्याला मी गेलो नाही. दुकान उघडं ठेवून बसलो, गिऱ्हाईक नसताना. दुसऱ्या दिवशी सकाळी आयचा फोन आला. मी आधी दोनदा वाजू दिला. मग उचलला.

"वेताळ आला होता," ती म्हणाली. तिचा आवाज जागरणानं बसला होता. "बरा नाचला पोरगा. तोंड चांगलं केलंय त्यांनी. तुझ्या बासारखं नाय, पण चांगलं हाय."

"बरं," मी म्हणालो.

"त्यांच्याकडं बांधायला नीट फडकं नव्हतं," आय म्हणाली. "मग आपलं देऊन टाकलं."