तलाठ्याला चालेल अशी वंशावळ

आमच्या थोरलीला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आज ती बरी आहे, बिरवाडीच्या शाळेत जाते आणि अभ्यासाला टाळाटाळ करते, हे आधीच सांगून टाकते; उगाच कोणाचा जीव टांगणीला नको.

उपचार मुंबईला चालले होते. तिथे लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. बहुतेक मुलांना हा आजार घराण्यातून येत नाही, पण थोड्या घरांत येतो. तुमचं घर त्यातलं आहे का ते बघू, असं त्या म्हणाल्या. घरी दोन वर्षांची धाकटी होती. तिलाही होईल का, एवढंच मला कळायला हवं होतं. बाईंनी आमचं रक्त घेतलं आणि कुटुंबाचा तक्ता भरून आणायला सांगितला: कोण कोणाचं, कोण कशानं गेलं.

तो कागद मी पोलादपूरच्या वरच्या वाडीत सासऱ्यांकडे पाठवला, ही माझी चूक. त्यांनी रीतसर भावकी बसवली. पंधरा दिवसांनी सात पिढ्यांची वंशावळ आली, खाली पोलीस पाटलांचा सही-शिक्का. सगळे पुरुष, बाई एकही नाही. आत्यांनी जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलंय, मग त्या कशाला? लहानपणी गेलेली मुलंही नाहीत, कारण त्यांना जमिनीत हिस्सा नाही. तुडीलचं माझं माहेर तर दुसऱ्या तालुक्यातलं, त्याचा इथे काय संबंध! डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या की तलाठ्याकडे हा कागद एका दिवसात मंजूर झाला असता.

दुसऱ्यांदा तक्ता भरायला आम्ही दोघांनी सासूबाईंना बरोबर नेलं. मी त्यांच्यावर भडकलेलीच होते, कारण त्या पोरीला गुपचूप गुळवेलीचा काढा पाजत होत्या. बाईंनी शांतपणे समजावलं की काढ्याने औषधांच्या कामात अडथळा येऊ शकतो, तो बंद करा. पोरीचे पाय हलक्या हाताने चोळता ते मात्र चालू ठेवा. मालिशने मुलांना झोप लागते का, मळमळ कमी होते का, हेही आम्ही तपासतोय. झालं! संशोधनात आपलाही हात आहे, हे सासूबाईंनी वॉर्डभर सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, मुलं किती? तीन. गेलेलं कोणी? सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या.

"एक व्हती. थोरली," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन वर्सांची व्हती. अंगावर काळंनिळं डाग आले नि गेली."

माझा नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. आपल्याला मोठी बहीण होती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्यांच्यासाठी रडू आलं; पण आमच्या थोरलीचा आजारही अशाच डागांनी सुरू झाला होता, आणि मला धाकटीची भीती वाटली.

निकाल यायला काही महिने लागले. तोवर धाकटी धडपडून गुडघा काळानिळा करून आली की मी तिला दारात उजेडात उभी करून तपासायची. ती कंटाळून गुडघा लपवायला शिकली.

शेवटी बाईंनी बोलावून सांगितलं: घराण्यातून आलेलं काही सापडलं नाही, धाकटीला इतर मुलांपेक्षा जास्त धोका नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले, सोडेचना. मागून सासूबाईंचा आवाज आला.

"म्हंजे माजी पोर माज्यामुळं गेली नाय?"

बाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "तिला काय झालं होतं ते आता सांगता येणार नाही, आजी. पण ते तुमच्यामुळे झालं नाही."

परतीच्या एसटीत सासूबाई पेणपासून बोलायला लागल्या. त्यांची पोर भात बाजूला सारून भाकरी मागायची, कोंबड्यांना दम द्यायची, चालून दमली की वाटेतच फतकल मारायची. त्यांनी चाळीस वर्षं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. महाडचा स्टँड आला, पिशव्या हातात घेतल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी मला माझ्या नणंदेचं नाव सांगितलं.