चाचांची आयर्लंडवारी

आखाती देशात, शुवैखमधल्या आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. एका सुट्टीत ते आमच्या आयरिश इंजिनियरच्या गावी गेले आणि त्याचीच गाडी घेऊन तिथल्या किनाऱ्याकिनाऱ्याने एकटेच हिंडून आले. तेव्हापासून समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करत. तिकडच्या खेड्यांत अनोळखी माणसंही असंच करतात म्हणे. इथे कोणी ढुंकूनही बघत नसे, पण चाचांचं बोट उठतच राही.

एकदा शहराबाहेर अबू हलीफाला जाताना मी मागच्या सीटवरून विचारलं, "चाचा, एकट्याने फिरण्यात कसली मजा?"

"रोज रस्ता चुकायचो, साहेब," ते आरशात बघून हसले. "आणि मागून कोणी ओरडत नव्हतं."

पुढच्या फाट्यावर 'उजवीकडे घ्या' म्हणायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.