मन्नाएखेळ्ळीच्या नाक्यावर पोलादाचा कारखाना

९ फेब्रुवारी १९४८ रोजी, सोमवारी सकाळी, गुलबर्ग्याच्या मोटारीत बसलेल्या मैलूरच्या सिद्धप्पाच्या कोटाच्या आतल्या खिशात निजामाच्या हाली सिक्क्याचे एकवीस रुपये साडेसहा आणे होते आणि मांडीवरच्या लाकडी खोक्यात पोलादाचा कारखाना होता.

सिद्धप्पा बिदरी काम करणारा. जस्तात थोडं तांबं घालून ओतायचं, त्यावर कोरून चांदीची तार ठोकायची आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातल्या मातीच्या गरम पाण्यात घालून काळं करायचं, हे त्याच्या घरात चार पिढ्या चाललेलं. पानाचे डबे, हुक्के, सुरया यापलीकडं त्यानं काही केलेलं नव्हतं. पोलादाचा कारखाना तर त्यानं पाहिलाही नव्हता.

हे काम गुलबर्ग्याच्या किशनरावांचं. किशनरावांची कापसाची जिनिंग होती आणि वय पन्नाशीचं. माडीवरच्या दोन खोल्यांत त्यांनी चावीची आगगाडी मांडली होती. मुंबईहून आणलेले रूळ, दोन पूल, एक बोगदा. स्टेशनांना नावं दिलेली वाडी, शहाबाद, गुलबर्गा. पण गाडी नुसती गोल फिरते, माल घेऊन कुठं जात नाही, याची त्यांना रुखरुख होती. म्हणून त्यांनी सिद्धप्पाला एका कॅलेंडरवरचं कारखान्याचं चित्र पाठवलं, सोबत रुळांचा नकाशा. गाडी जिथं जिथं घसरे तिथं नकाशावर लाल शाईची फुली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘इथं गाडी उलटते’. त्या जागा टाळून कारखाना कुठं बसेल हे सिद्धप्पानं ठरवायचं होतं.

भट्ट्या, पत्र्याची छपरं, रुळांवरचे डबे तयार होऊन काळे झाले होते. तीन उंच धुराडी तेवढी पांढरीच ठेवली होती, कारण ती तिथं नेऊन डाग देऊन जोडायची आणि मग काळी करायची होती. त्यासाठी दोन शेर माती आणि नवसागराची पुडी बरोबर घेतली.

“गुलबर्ग्यात माती मिळत न्हाई का?” निघताना निलम्मानं नवऱ्याला विचारलं होतं.

“किल्ल्याची न्हाई मिळत.”

“दिवस काय चाललेत, आन् तू मातीचं गठुडं घेऊन जायलास.”

दिवस वाईट होते हे त्यालाही कळत होतं. आठवड्यापूर्वी जनवाड्याचा एक मास्तर याच रस्त्यावर मोटारीतून उतरवला गेला. पिशवीत बंदी असलेलं वर्तमानपत्र सापडलं म्हणे. मास्तर पुढं कुणाला दिसला नाही.

मन्नाएखेळ्ळीला रस्त्यावर आडवा बांबू होता. निजामाचे चार बंदूकवाले आणि त्यांचा जमादार. मोटार थांबताच सिद्धप्पानं खोकं घट्ट धरलं. खोकं उघडलं गेलं. वर तीन पांढऱ्या नळ्या होत्या.

“नळियाँ कायकी?” जमादारानं विचारलं.

“धुराडी, साब. कारखाने की. खेलने की गाडी का कारखाना.”

“खेलता कौन?”

“किशनराव. गुलबर्गे के.”

“बच्चा कित्ता बडा है उनका?”

“बच्चा नै, साब. खुद खेलते.”

बंदूकवाले हसले. जमादार हसला नाही. त्यानं नकाशा उघडला. नावं मोडी-उर्दू दोन्हींत होती. वाडी. शहाबाद. पूल. लाल फुल्या. एकाला वाचायला लावलं, त्यानं अडखळत वाचलं, “इथं गाडी उलटते.”

सिद्धप्पाला खाली उतरवलं. मोटारीतून चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी ओरडली, “आरं कामून थांबवलंय? त्याच्या डब्यापायी आमाला उन्हात वाळत घातलंय व्हय?” ड्रायव्हर समोर बघत बसला.

“और ये मट्टी?”

इथं सिद्धप्पा चुकला. चांगली माती जिभेवर ठेवूनच ओळखायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. ती निरुपद्रवी आहे हे दाखवायला त्यानं चिमूट उचलून तोंडात टाकली. जमादारानंही बोट लावून चाखलं आणि थुंकला.

“शोरा है ये,” तो शांतपणे म्हणाला. “मेरा मामू आतिशबाजी बनाता था. बारूद में पडता.”

रेल्वेचा नकाशा, नळ्या, शोरा. तिन्ही मिळून काय दिसतं ते सिद्धप्पाला उमगलं. एक बंदूकवाला चिंचेच्या झाडामागच्या नाल्याकडं बघत होता. मास्तरला तिकडंच नेलं असेल, असं सिद्धप्पाच्या मनात आलं.

“साब, करके दिखाता,” तो कसाबसा म्हणाला. “पानी गरम होना बस.”

रस्त्याकडेला राघोबाचं चहाचं दुकान होतं. राघोबानं ॲल्युमिनियमचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि हळूच म्हणाला, “अण्णा, पातेलं खराब व्हतंय का रं?”

“व्हतंय.”

“मग घे. तू तर ऱ्हाशील.”

माती टाकली, नवसागर टाकला. सिद्धप्पानं धुराडं बुडवून वर काढलं. पांढरंच. पाणी तापायच्या आतच त्यानं घाई केली होती. जमादारानं मान हलवली आणि बंदूकवाला एक पाऊल पुढं आला. सिद्धप्पानं पुन्हा बुडवलं. आकडे मोजायला सुरुवात केली, सतरापर्यंत गेला, पुढचा आकडा आठवेना. मग पाण्याला कढ येताना दिसला तसं धुराडं काढून अंगठ्यानं चोळलं.

जस्त काजळासारखं काळं झालं. आणि त्यात आतापर्यंत कुणालाच न दिसलेली चांदीची तार उजळली: तळाशी भट्टीची दारं, वर ठिणग्यांची बारीक रेघ.

जमादारानं धुराडं हातात घेऊन फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

“अब्बा के पास हुक्का था ऐसा,” तो म्हणाला. “जाव. नक्शा यहीं रहेगा.”

मोटार सुरू झाली तेव्हा सिद्धप्पाला पायरीवर पाय टाकता येईना. चंद्रभागाबाईनं दंडाला धरून वर ओढलं. “बस खाली, बाबा,” ती म्हणाली आणि हुमनाबादपर्यंत तिनं त्याचा दंड सोडला नाही.

कारखाना किशनरावांच्या माडीवर बसला. नकाशाविना बसवल्यामुळं पहिल्या भट्टीपाशीच गाडी दरवेळी घसरे. त्यांनी तक्रार केली नाही. सिद्धप्पा मात्र परतताना मुद्दाम आगगाडीनं वाडी, विकाराबाद असा लांबचा फेरा घेऊन बीदरला आला, आणि पुढं आयुष्यात मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यानं गेला नाही.

राघोबाच्या खराब झालेल्या पातेल्याचे नऊ आणे द्यायचे राहिले आहेत.